रिकाम्या घराची पाहणी

दिगंबर आठल्ये केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा खात्यात होता, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याबद्दल त्याला पगार मिळत असे. चंदीगढला आल्यापासून त्याने दोन राज्यांतल्या बऱ्याच कचेऱ्या तपासल्या होत्या. तो येणार म्हटलं की आदल्या दिवशी तिथली कपाटं झाडली जात, आणि आल्यावर त्याच्यापुढे चहाबरोबर पनीरचे पकोडे येत. पकोडे खाऊन झाले की तो हरकती घ्यायला लागे.

पण अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये आपल्याच घराची पाहणी व्हायची आहे असं कळलं, तेव्हा दिगंबरने स्वतः शिडी लावून पंख्याची पाती पुसली. मग एवढा स्वच्छ पंखा संशयास्पद दिसेल की काय, असा विचार करत तो बराच वेळ शिडीवरच बसून राहिला.

पाहणीला येणार होती ‘शिशुछाया’ या संस्थेची बाई. टाकून दिलेली, सापडलेली, कुणीतरी दारात ठेवून गेलेली मुलं सांभाळणारी ही संस्था, आणि त्यातली दीड वर्षाची एक मुलगी आठल्यांना हवी होती.

दिगंबर आणि नलिनीला मूल नव्हतं. दोनदा होता होता राहिलं होतं. पहिल्या वेळी सांगलीला सासूबाईंनी सातव्या महिन्यातच पाळणा धुऊन मधल्या खोलीत टांगला. दुसऱ्या वेळी नलिनीच्या आईने झबली-दुपटी शिवून ट्रंक भरली. दोन्ही वेळा सगळं जसंच्या तसं परत माळ्यावर गेलं. तेव्हापासून नलिनीने एक ठरवून टाकलं होतं: मूल उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय मुलाचं एक चिरगूटसुद्धा घरात आणायचं नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, दिगंबरलाही नाही. त्याला ते आपोआप कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे त्यानेही तिला सांगितलं नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात एवढी शिस्त येते.

याचा अर्थ तिने काही घेतलं नव्हतं असा नाही. सतरा सेक्टरच्या बाजारातून तिने फ्रॉक आणले होते, लोकरीचे मोजे विणले होते, कठड्याची छोटी लाकडी खाट करून घेतली होती. ते सगळं वरच्या मजल्यावरच्या सेठी आजींच्या घरात होतं; त्यांना सगळे बीजी म्हणत. बीजींचे नातू लुधियान्याला असायचे. त्यामुळे घरी आलेले पाहुणे ती खाट बघून, नवं नातवंड आलं असं समजून बीजींचं अभिनंदन करत, आणि बीजी ते बिनदिक्कत स्वीकारत.

दत्तकाचा दुसरा एक रस्ता खुला होता. दिवाळीला दिगंबरचा धाकटा भाऊ वामन सांगलीहून आला होता, तो प्रस्ताव घेऊनच.

“दादा, बाहेरचं कशाला? माझा मधला घे. घरचं रक्त, घरचं गोत्र.”

मधला नववीत दुसऱ्यांदा बसला होता आणि त्याला मिसरूड फुटली होती.

“आणि आमचा मिरजेचा प्लॉट?” नलिनीने विचारलं.

“वहिनी, तुम्ही एकदम प्लॉटवर जाता.”

“तुम्ही आधीच तिथे जाऊन बसलाय भावोजी, म्हणून म्हटलं हाक मारावी.”

वामन ठरल्यापेक्षा लवकर परत गेला.

त्यानंतर दोघं ‘शिशुछाया’त गेली. तिथे दोन राजवटी एकदमच चालू होत्या. जुनी राजवट अध्यक्षा मिसेस ग्रेवाल यांची. त्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी. पूर्वी त्या आलेल्या जोडप्याला चहा पाजत, त्यांच्याकडे नीट बघत, आणि पसंत पडलं तर मूल देऊन टाकत. मग एका घरातून एक मूल चार-सहा महिन्यांनी परत आलं, कारण उन्हाळ्यात त्याचा रंग सावळा पडला. दुसऱ्या एका घरात दिलेली मुलगी भांडी घासताना दिसली. तेव्हा समितीने दिल्लीला शिकून आलेली वीणा मल्होत्रा ही तरुण मुलगी नोकरीला ठेवली, आणि तिने नवी राजवट आणली. आता घराची पाहणी व्हायची, शेजाऱ्यांकडे चौकशी व्हायची. मूल मिळाल्यावर कोर्टाची परवानगी येईपर्यंत जोडप्याने शहर सोडायचं नाही, म्हणजे वीणाला अधूनमधून जाऊन बघता येईल. आणि समितीची मंजुरी मिळण्याआधी बदली होऊन कुणी निघून गेलं, तर अर्ज बंद.

या नियमांबद्दल दिगंबरला फार आदर वाटला. त्यांत कुठेही पळवाट नव्हती. मेमध्ये बदल्यांची यादी लागायची होती आणि त्याची चंदीगढची मुदत भरली होती, हे त्याला स्कूटर चालू करताना आठवलं, तेव्हा आदर थोडा कमी झाला.

पण ते नंतर. त्याआधी ती मुलगी भेटली होती. तिला गुड्डी म्हणत. तिथल्या निम्म्या मुलींना गुड्डीच म्हणत. व्हरांड्यात दिगंबर अवघडून उभा होता, तेव्हा ती दुडूदुडू आली, दोन्ही हात वर केले, आणि त्याने उचलल्यावर तिने सरळ त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. दिगंबरकडे आजवर आपणहून फक्त फायली आल्या होत्या. त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून तो तसाच उभा राहिला, चहा गार होईपर्यंत.

“तिनं तुम्हालाच निवडलं हो,” परत येताना नलिनी मागच्या सीटवरून म्हणाली. दिगंबरने स्कूटर रोजच्यापेक्षा हळू चालवली.

पाहणीच्या दिवशी वीणा वेळेवर आली. तिने दोन्ही खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघराची कडी लागते का ते पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत बसून ती एकेक विचारू लागली. दिगंबरने मान ताठ ठेवली. तपासायला आलेल्या माणसाला विचारलंय त्याहून जास्त सांगणारा माणूस गोत्यात येतो, हे त्याने अनेकांना गोत्यात आणून शिकून घेतलं होतं.

“आप दोनों में से पहले किसने सोचा, बच्चा गोद लें?”

“दोघांनी. दोनों ने.”

“लड़की ही क्यों?”

“आवडली. अच्छी लगी.”

“बच्ची के लिए घर में कुछ लाए हैं?”

“घर में?” दिगंबरने प्रश्न नीट तपासून घेतला. “नहीं.”

उत्तर शंभर टक्के खरं होतं. नलिनीने चटकन वर, छताकडे पाहिलं, जिथे बीजींची खोली होती. वीणानेही वर पाहिलं.

“पंखा बहुत साफ है,” ती म्हणाली, आणि निघून गेली.

समितीचा निकाल कळायला पुढचा बुधवार लागला. दिगंबर ऑफिसातून परस्पर तिकडे गेला. वीणाने त्याला बसायला सांगितलं आणि गोड गोड काही बोलण्याऐवजी सरळच सांगितलं की मंजुरी मिळाली नाही. मराठीत सांगायचं तर तिचं म्हणणं असं: घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण त्या घरात मूल येणार आहे असं वाटलं नाही. एक खेळणं नाही, एक बाटली नाही, भिंतीवर एक चित्र नाही. विचारलं तर साहेब नाही म्हणाले. बाई काही बोलल्याच नाहीत. समितीला वाटलं, यांचं मन अजून तयार झालेलं नाही.

“सामान है, जी,” दिगंबर म्हणाला. “ऊपर वालों के घर.”

“आठल्ये जी,” वीणा म्हणाली, “नकार मिळाला की सगळ्यांचं सामान निघतं. मागच्या महिन्यात एका घरात मी तिसऱ्यांदा तोच टेडी बघितला. तीन वेगळ्या घरांत.” मग तिलाच वाईट वाटलं असावं. “मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. घरात तिची जागा दिसू द्या. बस, एवढंच.”

दिगंबर हलका होऊन घरी आला. त्याच्या दृष्टीने ही साधी पूर्तता होती. खाट वरून खाली आणायची, एवढंच.

“नाही,” नलिनी म्हणाली.

“अगं, एक दिवसापुरतं.”

“नाही.”

“नलू, यादी मेमध्ये लागेल. मग अर्ज बंद. तुला कळतंय का मी काय म्हणतोय?”

“कळतंय.”

“मग? एवढी शिकलेली तू. खाट मांडली म्हणून काय होणार आहे?”

नलिनी कणीक मळत होती. ती मळतच राहिली.

“दोनदा मांडलं होतं,” ती म्हणाली. “दोनदा उचललं. तुम्ही ऑफिसात होता. उचललं मी.”

दिगंबर बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उलटा-सुलटा करत बसला. थोड्या वेळाने बीजी खाली आल्या. त्यांना सगळं जिन्यातूनच ऐकू गेलं होतं, आणि शब्द कळले नाहीत तरी भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

“ओ पुत्तर,” त्या दिगंबरला हळूच म्हणाल्या, “ही देवळात गेली की मी आणि माझा नोकर खाट आणून ठेवतो. नंतर परत नेतो. तिला कळणारसुद्धा नाही.”

दिगंबरने क्षणभर विचार केला. कागदोपत्री तो उपाय निर्दोष होता.

“नको, बीजी,” तो म्हणाला. “राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला निघाला तर नलिनी साडी बदलून, पर्स घेऊन दारात उभी.

“मला ‘शिशुछाया’त सोडा. नाहीतर असं करा, तुम्हीपण चला. माझं हिंदी त्यांना कळेल न कळेल.”

तिचं हिंदी सांगलीच्या बाजारपेठेतलं होतं, पण त्या दिवशी ते सगळ्यांना व्यवस्थित कळलं. मिसेस ग्रेवालही तिथेच होत्या, कारण गुरुवारी त्या मुलांना बर्फी वाटायला येत.

“घर देखने को आए थे आप,” नलिनी म्हणाली. “घर खाली था. खालीच रहेगा. जिसका घर है वो आई नहीं, तो मैं किसका सामान लगाऊँ? उसको लेके आओ. फिर देखो हमको.”

“बच्ची को लेकर?” मिसेस ग्रेवाल म्हणाल्या. “मंजुरी के पहले? ऐसा तो आज तक हुआ नहीं.”

दिगंबरने घसा खाकरला. ‘यापूर्वी असं झालेलं नाही, सबब मंजूर करता येत नाही’ हे वाक्य त्याने नोकरीत इतक्यांदा लिहिलं होतं की त्याला ते पाठ नव्हतं, हाताला होतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “नियम में मनाई कहाँ है?”

हे वाक्य आजवर कितीतरी कारकुनांनी त्याला काकुळतीला येऊन ऐकवलं होतं. त्याने एकालाही सोडलं नव्हतं. त्या सगळ्यांचे चेहरे आता आपल्याला दिसताहेत असं त्याला वाटलं, आणि त्यातले काही हसत होते.

“मल्होत्रा,” मिसेस ग्रेवाल म्हणाल्या, “क्या कहते हैं तुम्हारे नियम?”

वीणाने नलिनीकडे पाहिलं. “मंजुरीशिवाय मूल ताब्यात द्यायचं नाही, असा नियम आहे, जी. ताब्यात नाही देणार. आया तिला घेऊन जाईल, मी बरोबर जाईन, संध्याकाळी परत आणू. रविवारी.”

“पाहणी रविवारी?”

“माझी सुट्टी आहे, जी. माझं मी बघेन.”

मिसेस ग्रेवालनी बर्फीचा डबा बंद केला आणि मान हलवली. ती होकाराची होती की नव्या पिढीबद्दलची, हे दिगंबरने स्पष्ट करून घेतलं नाही.

पहिल्या रविवारी रिक्षा थांबली तेव्हा नलिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. कमला नावाच्या आयाच्या कडेवर गुड्डी होती. नलिनीने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि गुड्डीचे पाय उंबऱ्याच्या आत टेकल्याबरोबर जिन्याकडे तोंड करून ओरडली, “बीजी! भेजो!”

बीजींचा नोकर खाट घेऊन निघाला, त्याच्या मागे बीजी फ्रॉक घेऊन, त्यांच्यामागे बीजींचे मिस्टर एक मोठी बदक-गाडी ओढत. हे वीणा आणि कमला भिंतीला चिकटून बघत राहिल्या. पाच मिनिटांत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

पण संध्याकाळी नलिनी एकटीच फ्रॉकच्या घड्या घालत बसली होती. गुड्डी दिवसभर सगळ्यांकडे गेली होती. बीजींकडे गेली, बीजींच्या मिस्टरांकडे गेली, दूधवाल्याकडे हात वर करून गेली, आणि वर्गणी मागायला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर तिने अगदी तसंच डोकं टेकलं, जसं व्हरांड्यात दिगंबरच्या खांद्यावर टेकलं होतं.

“सगळ्यांकडे जाते,” दिगंबर वीणाला म्हणाला. हे सांगताना आपण तक्रार करतोय की काय, असं त्याला वाटलं.

“तिकडच्या सगळ्याच मुलांना ती सवय लागते,” वीणा म्हणाली. “दर बुधवारी लोक बघायला येतात. जो येईल त्याच्याकडे जायचं, हसायचं. लोक खूश होतात. प्रत्येकाला वाटतं, हिने मलाच निवडलं.” मग ती दिगंबरकडे वळली. “घरातलं मूल असं करत नाही, आठल्ये जी. घरातल्या मुलाला परकं कोण ते कळतं. त्यासाठी आधी आपलं कोण ते कळावं लागतं.”

रिक्षा गेल्यावर दिगंबरने हे सगळं नलिनीला सांगितलं. तिने ते ऐकता ऐकता जमिनीवर पडलेला मोजा उचलून झटकला.

“तिनं नसेल निवडलं,” ती म्हणाली. “मग आपण निवडलंय. कुणीतरी एकानं निवडलं म्हणजे झालं.”

खाट वर परत गेली नाही.

एका पाहणीने वीणाचं समाधान झालं नाही, म्हणून रविवार येत राहिले. दुपारी गुड्डी वरणभात खाई, म्हणजे निम्मा खाई आणि निम्मा दिगंबरच्या पायजम्याला पुसे. ती दूधवाल्याकडे जात राहिली. अनोळखी माणसांकडे हात वर करत राहिली, आणि प्रत्येक वेळी नलिनी दुसरीकडे बघत राहिली. वीणा कोपऱ्यात बसून विणकाम करी. मे उजाडला. यादी लागली. दिगंबरची बदली नागपूरला झाली.

जाणं लांबवायला त्याने साठलेली सगळी रजा टाकली. मंजुरी आली तर कोर्टाचं काम होईपर्यंत ती पुरणार होती. मंजुरी आली नाही तर ती कशालाच पुरणार नव्हती. आठल्यांनी सलग एवढी रजा टाकली म्हणून ऑफिसात कुणीतरी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली. दिगंबरने प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं. विचारलं तेवढंच.

शेवटच्या रविवारी मिसेस ग्रेवाल स्वतः आल्या. बुधवारी समितीपुढे विषय होता, आणि त्याआधी हा प्रकार काय आहे ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. हातात बर्फीचा डबा, अंगावर उंची अत्तर. ‘शिशुछाया’त त्या फाटकातून आत शिरल्या की सगळी मुलं त्यांच्याकडे धावत. त्यांचा आठवड्यातला सगळ्यात सुखाचा क्षण तो असावा.

“आजा, मेरी गुड्डी!” त्यांनी दारातच हात पसरले.

गुड्डी बदक-गाडीवर बसली होती. तिने वर पाहिलं. ती उतरली, आणि नलिनीच्या मागे जाऊन तिच्या निऱ्या दोन्ही मुठींनी धरून उभी राहिली.

“अरे? आजा!” मिसेस ग्रेवाल पुढे झाल्या आणि त्यांनी तिला उचललं.

मग जे झालं ते बाहेर रस्त्यावरही ऐकू गेलं. गुड्डीने भोकाड पसरलं. पाठ मागे टाकली, लाथा झाडल्या, मिसेस ग्रेवालांचा चष्मा उडवला, आणि नलिनीच्या दिशेने एक हात असा ताणला की तो खांद्यातून निखळतोय की काय असं दिगंबरला वाटलं. नलिनी पांढरीफटक पडली होती. ती पुढे होऊन तिला घ्यायला गेली, आणि आपण घेतलेलं चालेल का म्हणून मध्येच थांबली.

“लो, लो, पकड़ो,” मिसेस ग्रेवाल म्हणाल्या.

नलिनीकडे गेल्यावर ओरडणं बंद झालं. हुंदके राहिले. गुड्डीने तोंड नलिनीच्या मानेत खुपसलं आणि बाहेर काढेना. बर्फीकडे पाहीना.

मिसेस ग्रेवाल खुर्चीत बसल्या. दिगंबरने जमिनीवरचा चष्मा उचलून, पुसून, त्यांना दिला. त्यांनी तो लावला नाही.

“मेरे पास नहीं आई,” त्या म्हणाल्या. “मेरे पास! आजवर कुठल्याही माणसाकडे जायची. इतकी गोड पोर. बिगाड़ दिया इन लोगों ने इसको.”

आता संपलं, असं दिगंबरला वाटलं. त्याने वीणाकडे पाहिलं. वीणाने विणकाम खाली ठेवलं होतं.

“हाँ, जी,” ती म्हणाली. “बिगाड़ दिया. मी बुधवारी हेच सांगणार आहे.”

मिसेस ग्रेवालांनी तिच्याकडे पाहिलं. मग बराच वेळ त्या नलिनीच्या खांद्यावरल्या त्या छोट्या पाठीकडे बघत राहिल्या, जी अजून मधूनमधून हलत होती. त्यांनी बर्फीचा एक तुकडा उचलला आणि स्वतःच खाल्ला.

“चलो, कमला,” त्या उठत म्हणाल्या. कमला सवयीने गुड्डीला घ्यायला पुढे झाली. “अरी, तू कहाँ? उसको रहने दे.”

“मॅडम,” वीणा म्हणाली, “मीटिंग बुधवार को है.”

“मीटिंग में कौन बैठता है?”

“आप, जी.”

“तो मैं यहीं बैठ गई थी अभी. हो गई मीटिंग.”

वीणाने हे सगळे नियम स्वतः केले होते. तिने नलिनीकडे पाहिलं, आणि विणकाम गुंडाळून पिशवीत टाकलं.

नलिनी जागची हलली नाही. दिगंबर त्यांना पोचवायला बाहेर गेला. मिसेस ग्रेवाल गाडीत बसल्या, वीणा बसली, आणि कमला पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. बसल्यावर तिने पदर मांडीवर सारखा केला, पुन्हा केला. मग काहीतरी विसरल्यासारखी मागे वळली.

“दीदी, रात की गिनती में क्या बोलूँ?”

“एक कम,” वीणा म्हणाली.